नऊ हवे होते, बसवले दहा!

डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये लोक काय काय घेऊन चढतात, हे इथल्यांना सांगायला नको. सॅक, डबा, छत्री, कधी गणपतीचं मखर. गेल्या डिसेंबरात माझे बाबा मदरबोर्ड घेऊन चढले. बुटांच्या खोक्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. रॅकवर ठेवायला धीर होईना आणि खाली धरायला जागा नव्हती, म्हणून दादरपर्यंत ते खोकं त्यांनी छातीशी धरलं. दादरला पश्चिम रेल्वेची स्लो पकडून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. दुकानातल्या मुलाने बोर्ड एका रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, दुकानातला एसएमपीएस जोडला आणि दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं. स्क्रीन उजळली. ‘काका, बोर्ड एकदम ओके आहे.’

संध्याकाळी बाबा घरी आले. बोर्ड पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवला. बटण दाबलं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि तो थांबला.

तीन दिवसांनी बाबा परत गेले, या वेळी एसएमपीएस घेऊन. मी म्हटलं, मी जाते. तर म्हणाले, ‘तुझी इंटर्नशिप नवीन आहे, माझ्या सुट्ट्या वाया चालल्यात.’ एसएमपीएसही ओके निघाला. म्हणजे लॅमिंग्टन रोडवर सगळं चालत होतं आणि डोंबिवलीत काहीच चालत नव्हतं.

आता हा पीसी कशासाठी, तेही सांगते. मास मीडियाच्या शेवटच्या प्रोजेक्टसाठी मी डोंबिवलीतल्या पोळी-भाजी केंद्रांवर पंचवीस मिनिटांची डॉक्युमेंट्री करत होते. शूटिंग मोबाइलवर, पण फोर-के. माझा लॅपटॉप ते फूटेज उघडतानाच धापा टाकायचा. मग घरात ठरलं, असेंबल्ड पीसी घ्यायचा. थोडे बाबांचे, थोडे आईच्या भिशीचे, माझ्या स्टायपेंडचे नावापुरते. सगळे मिळून अडुसष्ट हजार. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांच्यावर आठवडाभर व्हिडिओ बघून, एक्सेल शीट करून आम्ही भावंडांनी डोकेफोड केली. कॅबिनेटवर पाच मिनिटं. ‘डबाच तर आहे, त्यात काय बघायचं’ असं दादा म्हणाला आणि मलाही ते पटलं. बावीसशे रुपयांचं कॅबिनेट आलं. सोबत स्क्रूंची एक पारदर्शक पुडी, त्यावर काहीही लिहिलेलं नाही, आणि नखाएवढ्या अक्षरांचा एक कागद. तो कागद कुणी वाचला असेल, असं तुम्हाला वाटतंय का?

शेवटी आईच म्हणाली, ‘पश्चिमेला ते इन्व्हर्टरवाले काका आहेत, त्यांना दाखवा.’ काकांचा गाळा म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढा. टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर, जे येईल ते. गेमिंग पीसीबद्दल त्यांना काय कळणार, असं मनात म्हणतच मी कॅबिनेट रिक्षातून नेलं. काकांनी ते प्लगला लावलंसुद्धा नाही. झाकण उघडलं, बोर्डचे नऊ स्क्रू काढले, बोर्ड उचलून बाजूला ठेवला आणि मागच्या पत्र्याकडे बोट केलं.

‘खुंट्या किती?’

‘नऊ.’

‘मोज.’

दहा होत्या.

ज्यांनी कधी पीसीचं झाकण उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट टेकवत नाहीत. मध्ये पितळेच्या छोट्या षटकोनी खुंट्या असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. उंची साधारण सहा मिलिमीटर. बोर्डच्या मागच्या बाजूला शेकडो डाग दिलेले उघडे टोकदार बिंदू असतात. ते पत्र्याला लागू नयेत एवढ्यासाठी ही खुंटी. बोर्डमध्ये जिथे भोक आहे तिथेच ती हवी. भोक नसेल तिथे खुंटी राहिली, तर जो धातू बोर्डला पत्र्यापासून लांब ठेवायला आणला, तोच त्याला पत्र्याशी जोडून टाकतो.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. पीसीच्या बोर्डांचे आकार ठरलेले आहेत. एटीएक्स हा मोठा, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. इंटेलने हा आराखडा १९९५ मध्ये आणला आणि तीस वर्षं तोच चालू आहे. मायक्रो एटीएक्स हा लहान भाऊ, २४४ बाय २४४. एकाच कॅबिनेटमध्ये दोन्ही बसतात, कारण पत्र्याला दोन्हींसाठी भोकं पाडलेली असतात. वरच्या आणि मधल्या रांगेतली भोकं बहुतेक सारखी, खालची रांग वेगळी. आमच्या कॅबिनेटमध्ये खुंट्या लहान बोर्डच्या हिशोबाने आधीच बसवलेल्या होत्या. आमचा बोर्ड मोठा (त्यावर सूट होती, म्हणून). खालच्या रांगेतल्या खुंट्या आम्ही काढून मोठ्या बोर्डच्या जागी लावल्या. एक राहिली. ती बोर्डच्या पाठीला टेकत होती. बटण दाबलं की शॉर्ट, एसएमपीएसला ते कळायचं आणि तो स्वतःला बंद करून घ्यायचा. पंख्याची अर्धी गिरकी म्हणजे तेवढा वेळ. त्या बिचाऱ्या एसएमपीएसने आपलं काम चोख केलं होतं आणि आम्ही त्यालाच लॅमिंग्टन रोडची वारी घडवली. दुकानात बोर्ड पुठ्ठ्यावर होता, पुठ्ठ्यातून वीज जात नाही, म्हणून तिथे सगळं ओके.

काकांनी ती खुंटी पान्याने काढली, बोर्ड परत लावला, बटण दाबलं. पीसी सुरू झाला. पैसे घ्यायला तयार नव्हते, मग पन्नास रुपये घेतले. घरी बाबांना ती खुंटी दाखवली. त्यांनी ती तळहातावर ठेवून, चष्मा वर करून बघितली आणि एवढंच म्हणाले, ‘हे एवढंसं?’

तेव्हापासून मला हा प्रश्न सोडत नाही. कॅबिनेटसोबत जे फुटकळ सामान येतं, स्क्रू, खुंट्या, पत्र्याच्या पट्ट्या, जाळ्या, रबरी पाय, त्यातलं खरंच काय महत्त्वाचं आणि काय उगाच?

खरं सांगायचं तर बरंचसं उगाच. लॅमिंग्टन रोडवर बोर्ड पुठ्ठ्यावर चालतो हे बाबांनी स्वतः बघितलंय. क्रिप्टो मायनिंगवाले लोखंडी अँगलच्या उघड्या मांडणीवर डझनभर ग्राफिक्स कार्डं चालवत होते. ठाकुर्लीतल्या माझ्या एका मित्राच्या पीसीला तीन वर्षं बाजूचं झाकण नाही, तो मजेत गेम खेळतो. म्हणजे कॅबिनेट नसलं तरी कॉम्प्युटर चालतो. रंगीत दिव्यांचे पंखे, काचेचा दरवाजा, केबल ओवायच्या भोकांना लावलेले रबरी ओठ, हे सगळं असलं तर छान आणि नसलं तर काही बिघडत नाही. उलट काचेबद्दल माझं मत वाईटच आहे. पुढून बंद काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा शिरणार कुठून? त्याच पैशात पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्यावं. इन्स्टाग्रामवर कमी दिसेल, एवढंच.

पुढच्या बटणाचंही तसंच. लोक पॉवरचं बटण अडकलं म्हणून कॅबिनेट बदलायला निघतात. पॉवर आणि रीसेट ही दोन्ही बटणं आतून सारखीच असतात. दाबलं की दोन पिना क्षणभर जोडायच्या, एवढंच त्यांचं काम. पॉवरचं बटण मेलं, तर रीसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावा. खर्च शून्य. या दोन वायरींना उलटसुलट काही नसतं. छोट्या दिव्यांच्या वायरींना मात्र असतं, दिवा लागला नाही तर प्लग फिरवून लावायचा.

स्क्रू मात्र बघून घ्यावेत. पुडीत ते सगळे सारखे दिसतात, पण जात दोन आहे. जाड आट्यांचा तो सिक्स-थर्टीटू, म्हणजे एका इंचात बत्तीस आटे. बारीक आट्यांचा तो एम-थ्री, तीन मिलिमीटर जाडीचा, मेट्रिक. कॅबिनेट, एसएमपीएस आणि मोठी हार्ड डिस्क यांना जाड लागतो. अडीच इंची एसएसडीला बारीक. जाड स्क्रू बारीक आट्यांच्या भोकात जोर लावून बसवला की तो बसतोही, आणि मग आटे गेले. दादाने एसएसडीचं एक भोक असंच घालवलंय. सिक्स-थर्टीटू हे अमेरिकन इंची माप आहे, त्यामुळे घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात ते मिळेलच असं नाही. उरलेले स्क्रू फेकू नका, ही सूचना म्हणून नाही तर अनुभव म्हणून सांगते. आमच्याकडे ते आता लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहेत.

आमची खुंटी राहिली ती आमच्या चुकीने. पण एका स्क्रूपायी अख्खं कॅबिनेट बाजारातून मागे घ्यायची वेळ एका मोठ्या अमेरिकन कंपनीवरही आलेली आहे. एनझेडएक्सटी या कंपनीचं एच-वन नावाचं उभं, छोटं, देखणं कॅबिनेट होतं. त्यात ग्राफिक्स कार्ड वेगळ्या दिशेने बसवण्यासाठी रायझर नावाची जोडपट्टी होती आणि ती दोन स्क्रूंनी कॅबिनेटच्या धातूला जखडलेली. त्या पट्टीत बारा व्होल्टचा थर स्क्रूच्या भोकाच्या फार जवळ आला होता. स्क्रू घासला की शॉर्ट, आणि तिथून आग. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने विक्री थांबवली आणि ग्राहकांना उपाय म्हणून काय पाठवलं? नायलॉनचे दोन स्क्रू. गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनलने दाखवून दिलं की याने भागणार नाही, कारण दोष पट्टीतच आहे. उद्या कुणी नकळत पुन्हा लोखंडी स्क्रू लावला की धोका परत उभा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने रिकॉल जाहीर केला. एकट्या अमेरिकेत सुमारे ३२ हजार कॅबिनेट्स. शेवटी रायझरच बदलून द्यावा लागला.

हे वाचल्यावर मला आमच्या दहाव्या खुंटीबद्दल थोडं कमी ओशाळं वाटलं.

आता डोंबिवलीचं. यूट्यूबवरचे पीसी बनवणारे लोक एसी खोल्यांत बसलेले असतात, त्यांना जाळी, फिल्टर वगैरे किरकोळ वाटतं. आपल्याकडे तसं नाही. हे ते गाव आहे जिथे जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. कल्याण-शिळ रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की बाकी काही सांगायला लागत नाही. ही धूळ कॅबिनेटच्या पंख्यांतून आत जाते, प्रोसेसरवरच्या पात्यांमध्ये बसते आणि गोधडीसारखी उष्णता धरून ठेवते. कोरडी असेपर्यंत ती फक्त गरम करते. जूनमध्ये हवा दमट झाली की तीच धूळ ओलावा ओढून घेते आणि बोर्डवर नको तिथून वीज झिरपायला वाट मिळते. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात पीसी जास्त येतात, असं काका म्हणाले.

त्यामुळे धुळीची जाळी आपल्याकडे सजावट नाही. एसएमपीएसच्या खाली आणि पुढच्या पंख्यांसमोर ती हवीच. नसेल तर मच्छरदाणीचं बारीक कापड कापून लावलं तरी चालतं, फक्त महिन्यातून एकदा धुवा, नाहीतर ती जाळी नाही, बूच होते. पंखे लावताना आत घेणारे दोन आणि बाहेर टाकणारा एक ठेवावा. आत हवा किंचित जास्त राहिली की फटींमधून हवा बाहेर पडत राहते, धूळ आत ओढली जात नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जाळी धूळ अडवते, वास अडवत नाही. गंधकाचे वायू हवेत असले की तांबं आणि चांदी काळी पडते, तशीच बोर्डवरची तांब्याची रेघही काळवंडू शकते. देवघरातली चांदीची वाटी किती लवकर काळी पडते त्यावरून घरातल्या हवेचा अंदाज घ्यावा. त्यावर कॅबिनेट कंपनीकडे उपाय नाही.

आणि मग त्या मागच्या पट्ट्या. कॅबिनेटच्या पाठीमागे ग्राफिक्स कार्डासाठी खाचा असतात, त्यावर पत्र्याच्या अरुंद पट्ट्या. लोक कार्ड बदलताना पट्टी काढतात आणि परत लावत नाहीत. बोर्डसोबत येणारी पोर्टांभोवतीची चौकट, आय-ओ शील्ड, तीसुद्धा अनेकजण बसवायला विसरतात. बोर्ड लावून झाल्यावर आठवते, मग ‘जाऊ दे’. (तिच्या कडा बोटं कापतात, हा तिच्यावरचा माझा वैयक्तिक राग.) परदेशी व्हिडिओत सांगतात की याने रेडिओ लहरींचा अडथळा कमी होतो, हवेची दिशा बरोबर राहते. बरोबरच आहे. काकांनी दिलेलं कारण मात्र मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नाही. पाल. कॅबिनेट रात्रभर ऊबदार असतं, थंडीत पाल आत शिरते, एकदा तिचं शेपूट नको तिथे टेकलं की पालही गेली आणि बोर्डही. झुरळं वेगळीच. मी त्याच रात्री दोन्ही पट्ट्या लावल्या.

राहता राहिली अर्थिंगची गोष्ट, आणि ती मला स्क्रूमुळेच कळली. काकांच्या गाळ्यात लाल कागदी वॉशरांची एक डबी आहे. जुन्या काळी स्क्रूखाली हे घालायचे, म्हणाले. मी विचारलं, मग आता आपणही घालू का, म्हणजे शॉर्टची भीतीच नको. ते हसले. आताच्या बोर्डमध्ये स्क्रूच्या भोकाभोवती उघड्या धातूचं कडं असतं आणि ते मुद्दाम असतं. त्या कड्यातून खुंटीला, खुंटीतून पत्र्याला, पत्र्यातून एसएमपीएसच्या चार स्क्रूंना आणि तिथून प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेपर्यंत वाट असते. म्हणजे ही खुंटी बोर्डला पत्र्यापासून लांबही ठेवते आणि पत्र्याशी जोडतेही, फक्त ठरलेल्या नऊ जागी.

घरी आल्यावर आई म्हणाली, ‘मग मला केर काढताना त्या डब्याला हात लागला की मुंग्या का येतात?’ हे ती पंधरा दिवस सांगत होती. आम्ही स्वेटरची स्टॅटिक म्हणून हसण्यावारी नेलं होतं. डोंबिवलीत स्वेटर!

एसएमपीएसच्या आत, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर दोन्ही वायरींपासून धातूच्या कवचाला जोडलेले असतात. तिसरी पिन जमिनीशी नीट जोडलेली असेल तर त्यातून झिरपणारा थोडासा प्रवाह निमूट निघून जातो. ती जोडलेली नसेल तर कवच अधांतरी राहतं, आणि आपल्या २३० व्होल्टच्या निम्मं, साधारण ११५ व्होल्ट, त्याच्यावर दिसतं. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून फक्त मुंग्या येतात. पण एसएमपीएस आतून खरोखर बिघडला, तर कवचावर उतरणाऱ्या विजेला दुसरी वाट नसते. तेव्हा केर काढणाऱ्या माणसाचा हात हीच वाट. कॅबिनेटचे सगळे स्क्रू अगदी जागच्या जागी असले तरी भिंतीत वायरच नसेल तर त्यांचा उपयोग नाही. तिसरी पिन कापून दोन पिनांत लावणं, नळाच्या पाइपला वायर गुंडाळणं असले जुगाड करू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग मोजायला सांगा.

आम्ही बोलावलं. आमची बिल्डिंग सत्तावीस वर्षं जुनी. त्याने हॉलमधला बोर्ड उघडला. तीन पिनांचा सॉकेट होता, वायरी दोनच होत्या. तिसऱ्या पिनेच्या मागे काहीच नव्हतं. सॉकेट बसवणाऱ्याने भोक तेवढं दिलं होतं. शेजारच्यांकडे बघितलं, तिथेही तेच. वरच्या मजल्यावर फ्रीज, वॉशिंग मशीन, गीझर सगळं अशाच सॉकेटवर चाललंय.

डॉक्युमेंट्री वेळेत गेली, शेवटच्या दिवशी आठ तास राखून. पीसी सध्या स्वयंपाकघराशेजारच्या भिंतीला आहे, कारण घरात तेवढ्याच एका सॉकेटला अर्थिंग निघालं. मागे पोळ्यांची फोडणी, पुढे माझं एडिटिंग, आणि जाळी आता महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी धुवावी लागते. बाबांनी सोसायटीला पत्र दिलंय. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर अर्थिंग आलं आहे, सहाव्या क्रमांकावर, पार्किंगच्या खाली.